इंप अदृश्य झाल्यावर त्याची मिनी (छोटी पुतळी) मॅपवर ठेवायची की उचलायची?

शनिवारचा_डीएम

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन वाचा. आमचं टेबल ५ई चं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, या टेबलावर बसून भूमिका करत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती), मी डीएम म्हणजे खेळ चालवणारा, पुस्तकं २०१४ ची, पार्टी म्हणजे खेळाडूंची पात्रं पाचव्या लेव्हलला. गेल्या सेशनला बंदरावरच्या गोदामात मारामारी चालू होती आणि व्हिलनचा पाळलेला इंप (पंखवाला छोटा सैतान) सील केलेलं पत्र घेऊन सटकायच्या बेतात होता. त्याच्या टर्नला त्याने ॲक्शन (टर्नला मिळणारी मुख्य कृती) वापरून इन्व्हिजिबिलिटी घेतली आणि मग ४० फूट उडाला. मी मिनी मॅपवरून उचलली, कुठल्या चौकोनात आहे ते वहीत लिहिलं आणि म्हटलं गायब झाला, पुढचा कोण.

झालं, टेबलावर जे सुरू झालं ते पाऊण तास थांबेना. रोगवाला (रोग म्हणजे चोरट्या वर्गाचं पात्र) म्हणतो माझं पॅसिव्ह परसेप्शन (डाईस न टाकता धरायचा चाहूल लागण्याचा आकडा) १७ आहे, दिसू दे नाहीतर नको दिसू दे पण कुठाय ते मला कळलंच पाहिजे, नाहीतर मी एक्सपर्टीज परसेप्शनमध्ये घातली कशाला. विझर्डवाली म्हणते अदृश्य म्हणजे अदृश्य, सगळ्यांना कळणारच असेल तर सेकंड लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका कोटा) कोण जाळेल. क्लेरिकला सेक्रेड फ्लेम ही स्पेल टाकायची होती, मी नाही म्हटलं कारण त्यात टार्गेट दिसावं लागतं, मग तो रुसून मोबाईल बघत बसला. आणि फायटरने तर गोदाम आहे म्हणजे पिठाची पोती असणारच हे स्वतःच ठरवून टाकलं आणि तलवारीने पोतं फाडून पीठ उधळायला निघाला.

शेवटी मी सेशन तिथेच थांबवलं, पुढचा राऊंड शनिवारी. आता मला नीट सांगा, मिनी उचलणं नियमात बसतं का, पॅसिव्ह परसेप्शन इथे लागतं का आणि लागलं तर कशाच्या विरुद्ध, आणि त्या पिठाचं काय करू? एका प्लेअरने २०२४ चं नवं पुस्तक घेतलंय, तो म्हणतो त्यात हे सगळं बदललंय, तर तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

नियमबुक्या

मिनी मॅपवरच ठेवायची. निदान त्या टर्नला तरी.

बघ, अदृश्य असणं आणि लपलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ५ई मधली निम्मी भांडणं या दोघांना एक धरल्यामुळे होतात. इन्व्हिजिबल कंडिशन काढून वाच. जादू किंवा स्पेशल सेन्स असल्याशिवाय तो दिसत नाही, लपण्यापुरतं तो पूर्ण अंधारात असल्यासारखा धरायचा, आणि लगेच पुढे लिहिलंय की त्याच्या आवाजावरून किंवा मागे राहिलेल्या खुणांवरून त्याची जागा कळू शकते. म्हणजे दिसत नाही एवढंच. जागा कळू द्यायची नसेल तर हाईड ॲक्शन घ्यावी लागते, स्टेल्थ (चोरपावलांचं कौशल्य) रोल करावा लागतो. अदृश्य असण्याचा फायदा हा की उघड्या मैदानातसुद्धा लपायचा प्रयत्न करता येतो, आडोसा शोधावा लागत नाही.

तुझ्या इंपची ॲक्शन गेली इन्व्हिजिबिलिटीत. रोगकडे असते तशी कनिंग ॲक्शन इंपकडे नाही, म्हणजे त्याच टर्नला हाईड करणं शक्यच नव्हतं. तो गायब झाला आणि पंख फडफडवत ४० फूट गेला, टेबलावरच्या सगळ्यांना ती फडफड ऐकू गेली, तो साधारण कुठल्या चौकोनात आहे ते माहीत आहे. मिनी आडवी करून ठेव नाहीतर तिच्यावर एक पारदर्शक झाकण ठेव, आम्ही पाण्याच्या बाटलीचं बूच ठेवतो.

आणि विझर्डवालीला सांग की एवढं असूनही त्याला भरपूर मिळतं. त्याच्यावरचे सगळे हल्ले डिसॲडव्हान्टेजने (दोन डाईस टाकून कमी आकडा धरायचा), म्हणजे तुमच्या रोगचा स्नीक अटॅक (जादा डॅमेज) गेला. त्याचा पहिला हल्ला ॲडव्हान्टेजने, म्हणजे दोनातला जास्त आकडा (हल्ला केला की इंपची अदृश्यता संपते हे लक्षात ठेव). जाताना ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निघून जाणाऱ्यावरचा फुकटचा वार) कुणालाच मिळत नाही कारण त्या नियमात समोरचा दिसायला लागतो. आणि ज्या स्पेलमध्ये 'दिसणारं टार्गेट' असं लिहिलंय त्या सगळ्या बाद, मॅजिक मिसाईल, होल्ड पर्सन, तुमच्या क्लेरिकची सेक्रेड फ्लेम. तिथे तू बरोबर होतास, रुसला तर रुसू दे.

आता पुढच्या टर्नला इंपने हाईड घेतली तर खरी मजा. इंपची स्टेल्थ +५. रोगचं पॅसिव्ह १७. म्हणजे डी२० (वीस बाजूंचा डाईस) वर १३ किंवा वर पडलं तर इंप रोगपासूनही लपला, ४० टक्के शक्यता. १२ पडलं तर बरोबरी होते आणि त्यावर वेगळं भांडण करता येतं, मी बरोबरीत शोधणाऱ्याच्या बाजूने देतो. म्हणजे रोगवाल्याचं १७ वाया गेलेलं नाही, ते इथे कामाला येतं. पार्टीत ज्यांचं पॅसिव्ह ११ आहे त्यांच्यापासून तो ७ पडलं तरी लपतो, १७ वाल्यापासून नाही. मग रोग ओरडून सांगू शकतो "त्या कप्पीखाली!", त्याला कोण अडवतंय.

लपला की मात्र मिनी उचल. आता प्लेअर्सनी चौकोनाचा अंदाज करायचा. चुकीच्या चौकोनात वार केला तर आपोआप मिस, आणि तू फक्त "लागला नाही" एवढंच म्हणायचं, चौकोन चुकला की एसी (वार लागायला गाठायचा आकडा) गाठला नाही हे सांगायचं नाही. पुस्तकातच तसं लिहिलंय. म्हणून मारणाऱ्याला प्रत्येक वेळी रोल करायला लाव, चौकोन चुकला आहे हे तुला माहीत असलं तरी. नाहीतर मग कुणी सर्च ॲक्शन घेऊन परसेप्शन रोल करायचा, इंपच्या स्टेल्थच्या आकड्याच्या विरुद्ध.

एक फुकटचा सल्ला, इंपची अदृश्यता कॉन्सन्ट्रेशनवर चालते. डॅमेज बसलं की कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह, डीसी (रोलने गाठायचा आकडा) १०, आणि इंपचं कॉन +१ आहे. थंडरवेव्हला टार्गेट दिसावं लागत नाही. १५ फुटांचा घन, डॅमेज २डी८ (आठ बाजूंचे दोन डाईस), इंपचे एचपी (जीव) १०. फायरबॉल नको, इंपला आग लागत नाही, गोदाम मात्र जळेल.

जुनं_हाड

वरचं सगळं ठीक आहे पण ५ई ने मधली पायरीच काढून टाकली आणि तिथेच बोंब झाली. आम्ही डी अँड डी ची जुनी ३.५ आवृत्ती खेळायचो तेव्हा (२००३ ची पुस्तकं, अजून माझ्याकडे आहेत, कव्हर गेलंय) याला पायऱ्या होत्या. अदृश्य प्राणी ३० फुटांच्या आत हालचाल करत असेल तर स्पॉट चेक, डीसी २०. पास झालात तर काय कळायचं? फक्त एवढंच की इथे काहीतरी आहे. मानेवर काटा आला, बस. कुठल्या चौकोनात ते नाही. स्थिर उभा असेल तर डीसी ३०, अजिबात हालत नसलेली वस्तू वगैरे असेल तर ४०. आणि नेमका चौकोन हवा असेल तर त्यावर आणखी २०. म्हणजे जवळजवळ अशक्यच. ऐकून शोधायचं तर लिसन चेक त्याच्या मूव्ह सायलेंटलीच्या विरुद्ध, तिथेही साधं पास झालात तर "तिकडे कुठेतरी" आणि २० ने जास्त आलं तर चौकोन.

आणि चौकोन कळला तरी पन्नास टक्के मिस चान्स असायचाच. टक्केवारीचे डाईस वेगळे टाकायचे. नॅचरल २० टाकून नंतर ४३ आल्यावर टेबलावर जे शिव्याशाप व्हायचे ते इथे लिहिता येणार नाहीत.

चाचपडायचा पण नियम होता राव. स्टँडर्ड ॲक्शन घेऊन शेजारशेजारच्या दोन चौकोनांत हात किंवा शस्त्र फिरवायचं, टच अटॅक, त्यावर परत पन्नास टक्के, लागला तर डॅमेज नाही पण जागा कळली. आणि त्याने तुम्हाला मारलं तर कुठून मारलं ते तुम्हाला आपोआप कळायचं, जोवर तो हलत नाही तोवर. इंद्रजित ढगाआड राहून बाण सोडायचा तेव्हा राम-लक्ष्मण बाण जिकडून येतायत तिकडेच मारत होते ना, तेच.

त्याच्या आधीचं सांगायचं तर १९७९ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डी च्या डीएम गाईडमध्ये एक टेबलच होतं, प्राणी किती लेव्हलचा किंवा किती हिट डाईसचा आणि किती हुशार, त्यावरून अदृश्य काहीतरी आहे हे कळायची टक्केवारी. म्हणजे पिढ्यानपिढ्या हा प्रश्न आहे, तुझ्या टेबलाने नवीन काही शोधलेलं नाही :)

मी माझ्या ५ई टेबलावर हीच मधली पायरी परत घातली आहे. लपलेला नाही पण अदृश्य आहे, तर ३० फुटांच्या आत असलेल्यांना चौकोन, त्यापलीकडच्यांना फक्त दिशा. चालतं छान.

चिखलातला_रेंजर

@नियमबुक्या तुमचं "लपला नाही म्हणजे सगळ्यांना चौकोन माहीत" हे ऐकून ऐकून कंटाळा आला आहे, पुस्तकात असं सरळ वाक्य मला दाखवा. कंडिशनमध्ये काय लिहिलंय, आवाजावरून आणि खुणांवरून जागा कळू *शकते*. आपोआप कळते असं नाही लिहिलेलं.

आता २०१४ च्याच पुस्तकात रेंजरचं १८ व्या लेव्हलचं फीचर काढा, फेरल सेन्सेस. त्यात लिहिलंय की ३० फुटांच्या आतल्या अदृश्य प्राण्याची जागा तुला कळते, *तो तुझ्यापासून लपलेला नसेल तर*, आणि तू आंधळा किंवा बहिरा झालेला नसशील तर. आता मला सांगा, लपलेला नसलेल्या अदृश्य प्राण्याची जागा जर पहिल्या लेव्हलच्या शेतकऱ्यालाही कळते तर १८ लेव्हल घासून रेंजरला काय मिळालं, शेंगा? एवढे दिवस जंगलात काढून जे मिळालं ते गोदामातल्या हमालाकडे आधीच होतं का?

रोगला पण १४ ला ब्लाइंडसेन्स आहे, १० फुटांच्या आत, ऐकू येत असेल तर. पण त्यात लपलेलेही धरलेत म्हणून त्याचं एक वेळ ठीक आहे. रेंजरचं उत्तर द्या.

माझं म्हणणं एवढंच की नियम मुद्दाम मोकळा ठेवलाय आणि डीएमने परिस्थिती बघून ठरवायचं. शांत लायब्ररीत पंखांची फडफड ऐकू येईल. गोदामात दोन जण तलवारीने ठोकाठोकी करतायत, कुणीतरी पिंप पाडलंय, बाहेर लाटा आपटतायत, तिथे मांजराएवढ्या इंपची फडफड ४० फुटांवरून कोण ऐकणार? ५ई च्या डीएम स्क्रीनवर आवाज किती लांब जातो त्याचं छोटं टेबल आहे ते वापर. हळू वागायचा प्रयत्न करत असेल तर २डी६ गुणिले ५ फूट, नेहमीचा आवाज २डी६ गुणिले १०, खूप मोठा आवाज २डी६ गुणिले ५०. म्हणजे सरासरी ३५, ७० आणि ३५० फूट. आवाजाच्या मर्यादेत असेल तर मिनी ठेव, बाहेर असेल तर उचल. संपला विषय.

नियमबुक्या

@चिखलातला_रेंजर रेंजरचं उत्तर सोपं आहे. त्या फीचरचा पहिला भाग तुम्ही सोयीस्करपणे गाळलात, न दिसणाऱ्यावर हल्ला करताना डिसॲडव्हान्टेज लागत नाही, खरी मलई ती. दुसरा भाग म्हणजे हमी आहे. बाकीच्यांच्या बाबतीत डीएम म्हणू शकतो की आज आवाज जास्त आहे, कळत नाही. रेंजरला तसं म्हणता येत नाही. २०१४ चा रेंजर एकूणच गरीब लिहिलेला होता, त्याच्या फीचरवरून बाकीच्या जगाचे नियम काढायला जाऊ नका.

आणि आवाजाच्या टेबलाला माझी ना नाही, पण दर टर्नला दोन डाईस वाढले. आधीच पाचव्या लेव्हलचा एक राऊंड वीस मिनिटं चालतो.

शनिवारचा_डीएम

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. चिखलातला रेंजर म्हणतात ते गोदामाच्या गोंगाटाचं मला पटतंय कारण खरंच त्या वेळी बार्बेरियन साखळदंडाची कप्पी ओढत होता. पण मग रोगवाला म्हणणार की तू दर वेळी गोंगाट आहे म्हणून सांगशील. पीठ आणि २०२४ राहिलं, कुणीतरी बोला.

फ्लॅट_चेक_ताई

मी दर वेळी येऊन हेच सांगते म्हणून इथले लोक वैतागतात पण पाथफाइंडर सेकंड एडिशन (डी अँड डी सारखाच दुसरा खेळ) खेळा की रे. तिथे २०१९ पासून हे भांडणच शिल्लक नाही. समोरच्याबद्दल तुम्हाला किती माहिती आहे त्याच्या चार अवस्था आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. ऑब्झर्व्हड म्हणजे दिसतोय. हिडन म्हणजे दिसत नाही पण चौकोन माहीत आहे. अनडिटेक्टेड म्हणजे आहे हे माहीत आहे, कुठे ते नाही. अननोटिस्ड म्हणजे आहे हेच माहीत नाही. तुमचा सगळा वाद हिडन आणि अनडिटेक्टेड यांच्या मधल्या भिंतीवर चाललाय आणि ५ई मध्ये त्या भिंतीला नावच नाही.

तुमच्या इंपचं उत्तर तिथे लिहिलेलंच आहे. कुणी बघत असताना अदृश्य झालात तर त्याच्यासाठी तुम्ही आधी हिडन, मग स्नीक ॲक्शन यशस्वी झाली की अनडिटेक्टेड. हिडनला मारायचं तर आधी डीसी ११ चा फ्लॅट चेक, म्हणजे नुसता डी२०, त्यात काही मिळवायचं नाही, ११ च्या खाली पडलं तर मिस. आणि शोधायला सीक ॲक्शन, एक भाग निवडायचा, समजा ३० फुटांचा शंकू, आणि परसेप्शन त्याच्या स्टेल्थ डीसीच्या विरुद्ध. सीकमध्ये कितीही भारी रोल पडला तरी अदृश्य प्राणी हिडनच्या पुढे येत नाही, दिसायचा तर दिसत नाहीच.

बरं सिस्टिम बदलू नका, पण ही चार नावं तरी चोरा. माझ्या भावाच्या ५ई टेबलावर मी चार रंगांच्या रबरी रिंगा दिल्यात, मिनीवर चढवायच्या. हिडनला पिवळी. पिवळी असेपर्यंत मिनी मॅपवर, अनडिटेक्टेड झाला की मिनी माझ्या हातात. कुणी तोंड उघडत नाही.

कोथरूडचा_गॉब्लिन

२०२४ चं मी सांगतो. तुमचा तो प्लेअर अर्धा बरोबर आहे. नव्या पुस्तकात हाईड ॲक्शनला सरळ डीसी १५ चा स्टेल्थ चेक, पण त्यासाठी पूर्ण अंधार-धुक्यासारखा हेव्हिली ऑबस्क्युअर्ड भाग किंवा निदान तीन-चतुर्थांश आडोसा लागतो आणि शत्रूच्या नजरेच्या रेषेबाहेर असावं लागतं. पास झालात की तुम्हाला इन्व्हिजिबल हीच कंडिशन मिळते. हो, पिंपामागे बसलेला गॉब्लिनपण आता इन्व्हिजिबल. तुमचा जो आकडा आला तोच तुम्हाला शोधायचा परसेप्शन डीसी. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, शत्रूने शोधलं, अटॅक रोल केला किंवा तोंडाने म्हणायची स्पेल टाकली की संपलं.

म्हणजे जे दोन शब्द वेगळे ठेवायला नियमबुक्या इतकी वर्षं घसा कोरडा करतायत तेच डिझायनर लोकांनी एका भांड्यात ओतले. आणि मग पिंपामागून उठून चालत उजेडात आला तर दिसतो की नाही यावर जगभर जे चाललंय ते वाचायला गेलात तर रविवार जाईल.

एक गोष्ट मात्र सुधारली. २०१४ मध्ये कंडिशनचे दोन मुद्दे वेगवेगळे होते, दिसत नाही हा एक आणि हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज हा दुसरा. त्यामुळे शब्दशः वाचलं तर सी इन्व्हिजिबिलिटी (अदृश्य ते दाखवणारी स्पेल) टाकून तुम्हाला तो ढळढळीत दिसत असला तरी डिसॲडव्हान्टेज राहायचा. कुठलाही शहाणा डीएम तसं खेळवत नव्हता पण लिहिलेलं तसं होतं. आता स्पष्ट लिहिलंय की ज्याला तू कसाही करून दिसतोस त्याच्याविरुद्ध तुला हा फायदा नाही. एवढी ओळ २०१४ च्या टेबलावरही उचलून घ्या, बाकी राहू द्या.

पोतंभर_पीठ

शेवटी माझा विषय आला. (युजरनेम बघून कळलंच असेल.)

जुनं हाड यांनी सांगितलं नाही पण ३.५ च्या नियमात पीठ खरंच छापलेलं आहे. अदृश्य वस्तूला पीठ फासलं तर निदान ती कुठे आहे ते कळतं, पीठ गळून किंवा उडून जाईपर्यंत. ५ई मध्ये पीठ कुठेच नाही, पण सुधारून काहीतरी करायची मुभा आहे, आणि प्लेअरने डोकं चालवलं की त्याला काहीतरी द्यावं या मताचा मी आहे. फक्त पहिल्या लेव्हलच्या स्पेलपेक्षा जास्त देऊ नये, नाहीतर उद्यापासून पार्टी गिरणीच काढेल.

तुलना कशाशी करायची तर फेअरी फायरशी. पहिली लेव्हल, २० फुटांचा घन, डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह चुकला तर अदृश्यतेचा फायदा बंद, वर त्याच्यावरच्या हल्ल्यांना ॲडव्हान्टेज. पण इंपवर ती तेवढी चालत नाही हे लक्षात घ्या. त्याचं डेक्स +३, तुमच्या पाचव्या लेव्हलच्या कास्टरचा डीसी समजा १४, म्हणजे साध्या रोलला निम्म्या वेळा चुकेल. पण इंपला मॅजिक रेझिस्टन्स आहे, स्पेलविरुद्धचे सेव्ह ॲडव्हान्टेजने, म्हणजे चारात एकदाच चुकतो. पीठ मात्र स्पेल नाही! तिथे मॅजिक रेझिस्टन्स चालत नाही. तुमचा फायटर बहुतेक नकळत पण बरोबर बोलला.

मी असं खेळवतो. पोतं फाडून उधळणं ही पूर्ण ॲक्शन. १० फुटांचा चौकोन निवडायचा, अंदाजाने. तो तिथे असेल तर डेक्स सेव्ह, डीसी १२. चुकला तर त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत सगळ्यांना चौकोन माहीत, लपणं बंद, हल्ल्याचा डिसॲडव्हान्टेज गेला. ॲडव्हान्टेज मिळत नाही. 'दिसणारं टार्गेट' लागणाऱ्या स्पेल तरीही चालणार नाहीत, कारण दिसतंय ते पीठ. आणि उडणारा इंप असल्यामुळे जमिनीवर पीठ पसरून पावलं बघायची आयडिया इथे फुकट आहे, हवेतच उधळायला लागेल.

आता तुमच्यातला कुणीतरी वकील म्हणेल की अंगावरचं आणि हातातलं सामान पण अदृश्य होतं, मग अंगावर पडलेलं पीठ पण अदृश्य झालं. त्याला सांगा की अंगावर उडालेलं पीठ म्हणजे सामान नव्हे. हो, ते पत्र मात्र इंपच्या हातात होतं म्हणून गेलं त्याच्याबरोबर, हवेत तरंगणारं पत्र दाखवू नका.

आणि पीठ हवेत असताना मशाल पेटवायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती आत्ताच हाणून पाडा. पिठाचा स्फोट खऱ्या आयुष्यात होतो, गिरण्या उडाल्यात त्याने, पण तुमच्या टेबलावर एकदा झाला की दर सेशनला होणार.

डावखुरा_रोग

नमस्कार. तो १७ पॅसिव्हवाला रोग माझा. डीएमसाहेबांनी लिंक टेबलाच्या ग्रुपवरच टाकली म्हणून सगळं वाचलं :D

पहिलं म्हणजे, मी "दिसलाच पाहिजे" असं कधीच म्हटलेलं नाही, कळलं पाहिजे म्हटलं होतं, आणि इथे नियमबुक्या तेच म्हणतायत. दुसरं, रेंजरदादा म्हणतात तसं गोंगाटाचं धरायचं तर ठीक आहे पण मग इंपच्या टर्नच्या आधी सांगायला हवं ना की गोंगाट किती आहे. राऊंडच्या सुरुवातीला सांग, बार्बेरियन कप्पी ओढतोय म्हणून वीस फुटांपलीकडचं काही ऐकू येणार नाही. मग मी बार्बेरियनला थांब म्हणेन. ते खेळणं झालं. इंप गेल्यावर गोंगाट आठवला तर भांडणारच मी.

तिसरं, मला एक विचारायचंय. गोदामाला वर एकच झरोका आहे आणि त्याला लाकडी झडप आहे, बंद. इंपला बाहेर जायचं तर ती उघडावी लागेल. मी माझ्या टर्नला रेडी ॲक्शन घेतली की झडप हलताना दिसली की तिथे बाण, तर चालतं का?

नियमबुक्या

@डावखुरा_रोग चालतं. रेडीला डोळ्याला किंवा कानाला कळेल असा ट्रिगर लागतो, झडप हलणं म्हणजे उत्तम ट्रिगर, झडप अदृश्य नाही. तो कुठल्या चौकोनात आहे हेही तेव्हाच कळलं. बाण डिसॲडव्हान्टेजने जाईल आणि स्नीक अटॅक नाही मिळणार, आणि साधा बाण असेल तर चांदीचा किंवा जादूचा नसल्यामुळे डॅमेज निम्मं. पण इंपला काहीही लागलं तरी कॉन्सन्ट्रेशन सेव्ह आहेच. +१ वर डीसी १०, साधारण पाचात दोनदा कॉन्सन्ट्रेशन तुटेल.

जुनं_हाड

चांदीचे बाण घे. पाचव्या लेव्हलला आलास आणि चांदीचा एक बाण नाही, काय करता काय तुम्ही लोक.

शनिवारचा_डीएम

@डावखुरा_रोग तुला हे इथे विचारायचं होतं का रे, आता मला झडपेबद्दल माहीत आहे आणि इंपलाही.

असो, शनिवारसाठी ठरवलं ते असं. फ्लॅट चेक ताईंच्या रिंगा वापरणार, माझ्याकडे केसांचे रबर आहेत बायकोचे, तेच. अदृश्य पण लपलेला नाही, तर पिवळा रबर आणि मिनी मॅपवर. लपला तर मिनी माझ्याकडे. गोंगाट राऊंडच्या सुरुवातीला फुटांत सांगणार, नंतर बदलणार नाही. सी इन्व्हिजिबिलिटीची २०२४ ची ओळ घेतली. पिठाचा नियम जसाच्या तसा घेतला, फक्त गोदाम कसलं आहे ते मी अजून ठरवायचंय. बहुतेक मिठाचं.

पोतंभर_पीठ

मीठ पण चालेल. डीसी १० कर, जड असतं, लवकर खाली पडतं.

चिखलातला_रेंजर

मिठाचं असेल तर जमिनीवर खुणा उमटतील पण इंप उडतोय. त्याला खाली उतरवायला बघा. जाळं टाका, कशावर टाकताय ते दिसलं नाही तरी टाकता येतं, इंप टायनी असला तरी जाळ्यात अडकतो. फक्त फॉर्मलेस प्राण्यांना आणि ह्यूजपासून पुढच्यांना जाळं चालत नाही.

डावखुरा_रोग

जाळं कुणाकडे आहे? बंदर आहे म्हणजे गोदामात जाळी असणारच ना.

शनिवारचा_डीएम

झालं सुरू.